एका दिवसात दोन हजार मृत्यू? आलेख काढता काढता जे कळतं त्याची गोष्ट

१७ जून २०२०. लॉकडाऊन नुकतं कुठे सैल होऊ लागलं होतं, आणि सकाळी मोबाइलवर आकडा आला : देशात चोवीस तासांत कोविडने २,००३ मृत्यू. त्याआधीचे कित्येक दिवस हा आकडा तीनशे-चारशेच्या घरात होता. आलेखावरची जी रेघ रोज थोडी थोडी चढत होती, ती त्या दिवशी भिंतीसारखी उभी राहिली. ज्यांची माणसं तेव्हा इस्पितळात होती त्यांनी ती रेघ बघून काय धसका घेतला असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण ती सगळी माणसं त्या दिवशी गेली नव्हती. १६ जूनच्या संध्याकाळी महाराष्ट्राने जुन्या नोंदींची फेरतपासणी करून आधी मोजायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यांतले ८६२ मुंबईतले, ४६६ उरलेल्या राज्यातले. दिल्लीनेही तेव्हाच अशी जुनी बाकी भरली. मागे कधीतरी झालेले मृत्यू एका तारखेच्या खात्यावर पडले आणि रेघ उभी राहिली.

आता आलेख काढणाऱ्याच्या जागी बसून बघा. हे १,३२८ मृत्यू दाखवायचे कुठे? जाहीर झाले त्या तारखेवर टाकले तर सरकारी आकड्याशी मेळ बसतो, पण वाचणाऱ्याला वाटतं की आज साथ भडकली. माणूस ज्या दिवशी गेला त्या तारखेवर टाकायचे, तर प्रत्येक मृत्यूची तारीख हातात हवी. वेगळ्या रंगात बाजूला ठेवायचे, तर त्यांची बेरीज एकूण रेघेत धरायची की नाही? याचं उत्तर संगणकापाशी बसलेल्या एकट्या माणसाकडे नसतं. नोंद ठेवणाऱ्याला विचारावं लागतं, डॉक्टरला विचारावं लागतं, आणि रोज सकाळी तो आलेख बघून बाहेर पडायचं की नाही हे ठरवणाऱ्या घरातल्या माणसाचाही विचार करावा लागतो. ही विचारपूस करताना एक गोष्ट स्पष्ट होते, जी तोवर कुणी नीट मांडलेली नसते : आपण रोज बघत होतो ती रेघ मृत्यूंची नव्हतीच, मृत्यू जाहीर होण्याची होती.

आलेख काढायला बसल्यामुळे हे कळलं. या लेखाचा विषय हाच आहे.

पत्र आणि पाकीट

आधी शब्दाचं बघू. डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणजे आकड्यांचं किंवा नोंदींचं असं चित्र, ज्यात लांबी, जागा, रंग, आकार यांतल्या कशाला तरी नेमका अर्थ दिलेला असतो. आलेख, नकाशे, निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर दिसणारे रंगीत चौकोन, सगळं यात आलं. यापुढे मी त्याला साधं ‘आकडेचित्र’ म्हणेन.

आकडेचित्राबद्दल आपली समजूत अशी असते की ज्ञान आधी तयार होतं. तज्ज्ञ अभ्यास करून निष्कर्ष काढतात, आणि मग कुणी चित्रकार तो निष्कर्ष रंगवून देतो. म्हणजे ज्ञान हे पत्र, आणि चित्र हे पाकीट. पाकीट सुंदर असलं तर छान, नसलं तरी पत्र तेच.

मला यापेक्षा शिंप्याकडची गोष्ट जवळची वाटते. ब्लाऊज शिवायला टाकताना मापं घेतली जातात, वहीत लिहिली जातात. पण धावदोरा घातलेलं कापड अंगावर चढवून आरशासमोर उभं राहिल्यावरच कळतं, की डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता आहे. हे टेपच्या मापांत नव्हतं. शिंप्याला माहीत नव्हतं आणि इतकी वर्षं तो खांदा वागवणाऱ्या बाईंनाही नव्हतं. कच्चं कापड, शिंपी आणि त्या बाई एका वेळी समोरासमोर आल्यावर ते समजलं. चांगल्या आकडेचित्राचा कच्चा खर्डा हेच काम करतो. तो समोर ठेवला की आकडे जमवणारा म्हणतो, ‘अरे, ही नोंद इथे कशी?’ आणि त्या विषयातला जाणकार म्हणतो, ‘असं होऊच शकत नाही, परत मोजा.’

ब्रॉड स्ट्रीटचा नकाशा एकट्याचा नव्हता

आकडेचित्रांच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली गोष्ट लंडनची आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि त्या छोट्याशा भागात सहाशेहून जास्त माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाभोवती ते दाटलेले दिसले, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. गोष्ट अशी सांगतात. एक हुशार माणूस, एक नकाशा, एक साक्षात्कार.

प्रत्यक्षात दांडा ८ सप्टेंबरला निघाला आणि नकाशा त्यानंतर छापला गेला. साथही तोवर ओसरू लागली होती. दांडा निघण्यापूर्वी स्नोंच्या हातात होती जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची यादी, पहिल्या काही दिवसांतल्या ८३ मृत्यूंची. ती घेऊन ते त्या भागात फिरले. जवळजवळ सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या आसपासचे निघाले. फक्त दहा मृत्यू अशा घरांतले होते, ज्यांना दुसरा पंप जवळ पडत होता. साथ या पंपाच्या पाण्यातून पसरते आहे, हा स्नोंचा सगळा तर्क त्या दहांनी मोडायला हवा होता. स्नोंनी त्या घरांची दारं वाजवली. पाच घरांनी सांगितलं, आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी मागवतो, ते चांगलं लागतं. आणखी तीन मृत्यू लहान मुलांचे होते, त्यांची शाळा त्या पंपाजवळ होती.

उलट पंपाच्या अगदी जवळ काही जागा रिकाम्या दिसत होत्या. शेजारच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, पाचशेहून जास्त माणसं राहत असून फक्त पाच मृत्यू. चौकशीत कळलं की त्यांची स्वतःची विहीर आहे. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते बिअर पीत होते, पंपावर जातच नव्हते. यादीत फक्त मेलेल्यांची नावं असतात. न मेलेल्यांबद्दल प्रश्न पडायला जागेवरचा मोकळा भाग डोळ्यांना दिसावा लागतो, आणि तो का मोकळा आहे हे सांगायला तिथला माणूस लागतो.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा माणूस मात्र स्नो नव्हेत. तिथल्या सेंट ल्यूक चर्चचे तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना स्नोंचं म्हणणं मुळीच पटलेलं नव्हतं. ते खोडून काढायला म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घरोघर गेले. लोक त्यांना ओळखत होते. परक्या डॉक्टरला न सांगितलेलं त्यांना सांगत होते. हळूहळू त्यांचंच मत बदललं. पुढे मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना ४०, ब्रॉड स्ट्रीट इथल्या एका तान्ह्या बाळाची नोंद सापडली. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या शोषखड्ड्यात टाकलं जात होतं, आणि खोदून पाहिलं तेव्हा तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांहूनही जवळ निघाला. साथ तिथून सुरू झाली होती.

नोंदणी कार्यालयाची यादी, एका डॉक्टरचा तर्क, विरोधात असलेल्या एका धर्मगुरूची पायपीट आणि खोदकाम करणाऱ्यांचं मोजमाप, हे सगळं एकत्र आलं. १८५५ मध्ये स्थानिक चौकशी समितीच्या अहवालासाठी स्नोंनी नकाशाची दुसरी आवृत्ती दिली. तिच्यात एक नवी तुटक रेघ आहे. त्या रेघेच्या आतल्या माणसाला चालत जायला ब्रॉड स्ट्रीटचाच पंप सगळ्यात जवळचा पडतो. अंतर सरळ रेषेत मोजलेलं नाही, गल्ल्यांतून चालताना पडेल तसं धरलं आहे. पाणी आणायला माणूस कसा जातो हे समजून घेतल्याशिवाय ती रेघ ओढताच येत नाही.

व्हिएन्नातली ‘डीपी’

अशी देवाणघेवाण अपघाताने घडली तर ठीक, पण ती ठरवून घडवता येईल का? माझ्या माहितीत या प्रश्नाला सगळ्यात सुंदर उत्तर दिलं ते व्हिएन्नाने.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या नगरपालिकेवर समाजवादी लोकशाहीवाद्यांची सत्ता होती. कामगारांसाठी घरं बांधली जात होती, दवाखाने उघडत होते. हे सगळं का चाललंय, पैसा कुठे जातोय, शहरात मुलं कशाने मरतात, हे साध्या नागरिकाला कळावं म्हणून १९२५ मध्ये ऑटो नॉयरात या अर्थतज्ज्ञ-तत्त्वज्ञाने तिथे समाज आणि अर्थव्यवस्थेचं संग्रहालय सुरू केलं. संग्रहालय म्हटल्यावर मूर्ती-नाणी डोळ्यांसमोर येतात. इथे भिंतींवर आकडेचित्रं होती. दिवसभर राबून संध्याकाळी येणाऱ्या माणसाला ती समजली पाहिजेत, ही अट.

काम तीन प्रकारच्या माणसांत वाटलेलं होतं. एकीकडे आकडे आणणारे जाणकार : इतिहासकार, संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर. दुसऱ्या टोकाला चित्रकार. त्यांतले गेर्ड आर्न्ट्झ लिनोलियमच्या पट्ट्यांवर चिन्हं कोरत. त्यांचं बेकार माणसाचं चिन्ह, खिशात हात घालून उभा असलेला माणूस, आजही बघताक्षणी कळतं. या दोघांच्या मध्ये तिसरं माणूस. त्याला तिथे जे नाव होतं त्याचा शब्दशः अर्थ ट्रान्सफॉर्मर. ही जागा पहिल्यांदा भरली मारी रायडेमायस्टर या तरुणीने. गणित, भौतिकशास्त्र आणि चित्रकला असं तिहेरी शिक्षण घेतलेली ही बाई पुढे मारी नॉयरात म्हणून ओळखली गेली.

आपल्याकडे गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. उच्चदाबाच्या तारेतली वीज थेट घरात आणली तर बल्बच उडेल, डीपी तिला घरात वापरता येईल अशी करते. मारीचं काम बाहेरून तसंच दिसतं. पण डीपी विजेला प्रश्न विचारत नाही, मारी आकड्यांना विचारत असे. जाणकारांसोबत बसायचं, त्यांना नेमकं काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं, कशाची तुलना कशाशी व्हायला हवी ते ठरवायचं, काय गाळायचं ते ठरवायचं, पेन्सिलीने खर्डा करायचा, तो परत जाणकारांना दाखवायचा, मग चित्रकाराकडे द्यायचा, आणि चित्रकाराच्या सुबकपणात अर्थ हरवला नाही ना ते पुन्हा तपासायचं. नॉयरात यांच्या मते ही व्यक्ती जनतेची विश्वस्त. तज्ज्ञांच्या खोलीत, तिथे हजर नसलेल्या वाचकाच्या वतीने ती बसलेली असते.

त्यांचं एक चित्र बघा : इंग्लंडमधलं कापड विणकाम, १८२० ते १८८०. घरात मागावर विणणारे विणकर, कारखान्यात विणणारे कामगार आणि एकूण उत्पादन, असे हे तीन वेगळे तक्ते. तिन्ही एकाच चित्रात आणून वर्षं एकाखाली एक मांडली. घरच्या विणकरांची रांग वर्षागणिक आखूड होत जाते, कारखान्यातल्या माणसांची लांब होते, आणि कापडाचे गठ्ठे मात्र दोघांनाही मागे टाकून वाढत सुटतात. कुठल्याही एका तक्त्यात ही गोष्ट नाही. ‘हे तीन शेजारी ठेवून बघू या’ असं कुणीतरी म्हणाल्यावर ती जन्माला आली.

त्यांचा एक नियम फार मोलाचा होता : संख्या मोठी असेल तर चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हांची संख्या वाढवायची. कारण स्वयंपाकघरातच सापडेल. पापडाचा व्यास दुप्पट केला तर पीठ चौपट लागतं. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर आठपट. म्हणून दुप्पट उत्पादन दाखवायला दुप्पट उंचीचं पोतं काढलं, की बघणाऱ्याचा डोळा चौपट समजतो. एकाऐवजी दोन पोती काढा, फसवणूक होतच नाही.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात सत्ता बदलली आणि या मंडळींना देश सोडावा लागला. आधी हेग, मग १९४० मध्ये एका छोट्या बोटीतून इंग्लंड. ऑटो १९४५ मध्ये गेले. मारी काम करत राहिल्या आणि १९५० च्या दशकात नायजेरियाच्या पश्चिम भागातल्या सरकारसाठी आरोग्य, शेती, शिक्षण या विषयांवर आकडेचित्रं करायला स्वतः तिथे गेल्या. व्हिएन्नात पंचवीस वर्षांपूर्वी घडलेली चिन्हं तिथे जशीच्या तशी चालणार नव्हती. घरं वेगळी, कपडे वेगळे. जगात सगळ्यांना कळेल अशी चित्रभाषा करायला निघालेल्या माणसाला हे मान्य करणं सोपं नसतं. मारींनी ते केलं आणि चिन्हं नव्याने काढली. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो मुख्यतः यासाठी.

पाखडण्यापासून सुरुवात

आज हे काम संगणकावर होतं, आणि त्याचा पद्धतशीर अभ्यासही होतो. २०१२ मध्ये मायकेल झेडलमायर, मिरिया मायर आणि तमारा मुन्झनर या तीन संशोधकांनी आपल्या २१ प्रकल्पांचा हिशेब मांडला. जीवशास्त्रज्ञ किंवा अभियंते यांच्यासोबत बसून त्यांच्यासाठी आकडेचित्रं घडवण्याचे हे प्रकल्प होते. त्यांनी कामाचे नऊ टप्पे सांगितले आणि ३२ खड्डे, जिथे जिथे आपण स्वतः किंवा इतर पडलो ते.

या नऊ टप्प्यांतल्या दुसऱ्याचं नाव मला फार आवडतं. त्याचा अर्थ पाखडणं. सुपात धान्य घेऊन पाखडतात तसं आधीच बघायचं : खरे आकडे हातात आहेत का? समोरच्या माणसाला वेळ आहे का? आणि इथे चित्राची मुळात गरज आहे का? पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असं येतं, आणि ते सुरुवातीला आलेलं बरं. पुढच्याच टप्प्यात कोण काय भूमिका करणार ते ठरवायचं. प्रत्यक्ष आकड्यांशी रोज झुंजणारा एक, परवानगी देणारा दुसरा, आणि दोन्हीकडची भाषा कळणारा तिसरा, म्हणजे पुन्हा आपली मारी. त्या ३२ खड्ड्यांतला एक असा : सोबतच्या संगणकतज्ज्ञालाच खरा वापरकर्ता समजणे. आपल्याकडचे सरकारी डॅशबोर्ड बघताना हा खड्डा मला अनेकदा आठवतो. ते बनवणाऱ्यांना छान कळतात. ज्या आशाताईंनी त्यांतले आकडे भरलेले असतात, त्यांना तो पडदा उघडून आपल्या गावाचं काही समजतं का, हे विचारलेलं क्वचित दिसतं.

‘मग हे सगळं ज्याच्या त्याच्या मनावरच ना?’

ही हरकत रास्त आहे. चित्र माणसं मिळून ठरवतात, वेगळी माणसं बसली तर वेगळं चित्र होतं, तर मग त्याला ज्ञान कसं म्हणायचं? प्रयोगशाळेत कुणीही तोच प्रयोग करून तेच उत्तर मिळवू शकतो. इथे तीच माणसं, तोच महिना, तेच प्रश्न पुन्हा जमवता येत नाहीत.

मिरिया मायर आणि जेसन डाइक्स यांनी २०१९ मध्ये याला उत्तर दिलं. पुन्हा करून दाखवता येत नसेल तर भक्कमपणा दुसऱ्या कसोट्यांवर तपासा, असं म्हणून त्यांनी सहा कसोट्या मांडल्या. मी त्या माझ्या शब्दांत सांगते. आधीच्या कामाची माहिती करून घेतली होती का. काम करणाऱ्यांनी स्वतःच्या पूर्वग्रहांकडे बघितलं का. पुरेशी माणसं, पुरेसे खर्डे, पुरेसा वेळ होता का. निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का. तो इतरांना आपलासा, उपयोगी वाटतो का. आणि सगळ्या वाटेची नोंद इतरांना तपासता येते का.

शेवटची कसोटी आपल्या ओळखीची आहे. हिशेब बरोबर आहे हे दुकानदार आपल्याला शपथेवर सांगत नाही, कीर्द-खतावणी पुढे ठेवतो. आकडेचित्राचीही कीर्द ठेवता येते : अमुक तारखेला हा खर्डा, यावर या माणसाने हा आक्षेप घेतला, म्हणून हा रंग बदलला, हे आकडे या कारणासाठी वगळले. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘कोविड१९इंडिया’ या संकेतस्थळावर लोकांनी विश्वास ठेवला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. प्रत्येक राज्याचं पत्रक वेगळ्या ढंगाचं, त्यातून आकडे जुळवायचे. पण जुळवलेले आकडेही खुले आणि संगणकाची आज्ञावलीही खुली. चूक दिसली तर कुणीही बोट ठेवू शकत होतं.

‘आकडे खरे असले की चित्रही खरंच असणार’

लोकसभेच्या निकालाचा महाराष्ट्राचा नकाशा आठवा. ४८ मतदारसंघ, प्रत्येक जिंकणाऱ्या पक्षाच्या रंगाचा. एकही आकडा खोटा नाही. पण एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे, आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघ त्याहून मोठा. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर, आणि तेवढ्यात सहा मतदारसंघ. पडद्यावर एका जागेचा रंग पूर्व विदर्भाचा कोपरा व्यापतो आणि सहा जागांचा रंग टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. डोळा क्षेत्रफळ बघतो, लोकशाही माणसं मोजते.

यावर उपाय आहे. प्रत्येक मतदारसंघासाठी एकसारखा षटकोन काढायचा. ४८ जागा, ४८ सारखे षटकोन. अनेक वृत्तसंस्था आता तसं करतात. पण हा खर्डा गडचिरोलीच्या कुणा शिक्षकापुढे ठेवला, ज्याने निवडणुकीची ड्युटी केली आहे, तर तो म्हणेल की यात आमचं जंगल गेलं. जिथे मतदान पथकं हेलिकॉप्टरने न्यावी लागतात, तिथला षटकोन आणि दादरला चालत मत देऊन येण्याचा षटकोन एकसारखा कसा? त्याचंही खरं आहे. जागा किती हे विचारायचं असेल तर षटकोन बरोबर, मत द्यायला किती कष्ट पडतात हे विचारायचं असेल तर खरा नकाशा बरोबर. आपण कुठला प्रश्न विचारतोय, हे त्या शिक्षकाने तोंड उघडल्यावर कळतं.

‘हे काम आता एआय करेल’

आलेख काढून देईल, आणि झटकन देईल. ते वाईट नाही. पूर्वी एक खर्डा करायला आठवडा जायचा, आता एका बैठकीत दहा खर्डे लोकांपुढे ठेवता येतात, म्हणजे हरकती घ्यायला दहा संधी. पण १७ जून २०२० चा आकडा जर यंत्राच्या हाती नुसता तक्ता म्हणून गेला असता, तर त्या रकान्यात २,००३ एवढंच लिहिलेलं होतं. जुने मृत्यू आज जाहीर झाले, ही गोष्ट त्या रकान्याच्या बाहेर होती, माणसांकडे होती. ती विचारून आणावी लागते.

‘इतक्या लोकांना विचारत बसायला वेळ कुठे आहे?’

सगळ्यालाच विचारायची गरज नसते. एसटीचं वेळापत्रक छापायला बैठका नकोत. पण ज्या चित्रावरून पाणी कुणाला सोडायचं, कुठला वॉर्ड बंद करायचा, कुठल्या शाळेला शिक्षक द्यायचा हे ठरणार आहे, तिथे वाचवलेला वेळ कुणाच्या तरी वाट्याच्या पाण्यातून वजा होतो.

टेबलाशी कोण बसलंय?

सगळ्यात अवघड प्रश्न मी मागे ठेवला होता. मिळून काम केलं असं म्हणणं सोपं असतं, पण टेबलाशी बसलेल्या सगळ्यांचा आवाज सारखा नसतो. व्हिएन्नातही कामगार हा प्रेक्षक होता. त्याच्यासाठी फार जिव्हाळ्याने काम केलं गेलं, पण कुठला प्रश्न भिंतीवर लावायचा हे तो ठरवत नव्हता. विश्वस्त कितीही भला असला तरी मालमत्ता दुसऱ्याची असते.

म्हणून मला दुसरी एक परंपरा फार महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या अंगणातली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातल्या स्वयंसेवी संस्थांनी ‘पीआरए’ नावाची पद्धत घडवली. गावाबद्दलची माहिती गावकऱ्यांनीच मिळून मांडायची, अशी ही पद्धत. महाराष्ट्रात ग्रामविकासाचं काम केलेल्या कुणालाही ती माहीत असते. आधी शिवारफेरी, म्हणजे सगळ्यांनी मिळून रानातून फिरायचं. मग चावडीसमोर किंवा देवळाच्या पटांगणात जमीन झाडून घेतात, आणि गावकरी रांगोळी, राख, खडे, पानं घेऊन गावाचा नकाशा जमिनीवर काढतात. कुणाच्या घरात किती माणसं, हे दाखवायला त्या घरावर तेवढे चिंचोके ठेवायचे. माणसं जास्त तर चिंचोके जास्त. व्हिएन्नात मोठ्या विचाराने ठरवलेला नियम इथे चिंचोक्यांनी आपसूक पाळला जातो.

कागदापेक्षा जमीन का बरी? पेन ज्याच्या हातात असतो तो बोलतो, बाकीचे ऐकतात. जमिनीवर वाकायला सगळ्यांना जागा असते. आणि रांगोळीची रेघ तळव्याने पुसता येते. कुणी म्हणतं, ओढा इथून नाही वळत, आणि लगेच पुसून दुसरा काढतं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही चूक काढू शकतो, आणि चूक काढणारी माणसं जितकी जास्त तितका नकाशा पक्का. व्हाइटहेड यांनी महिनोन्महिने केलेली पायपीट इथे एका दुपारी जमिनीवर घडते.

बायकांना वेगळं बसवलं तर नकाशाच वेगळा निघतो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. पुरुषांच्या नकाशात रस्ता, शेतं, सोसायटी, मंदिर ठळक असतात. बायकांच्या नकाशात पाण्याच्या जागा, सरपणाची वाट, दवाखाना. गाव तेच, दोन्ही नकाशे खरे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मात्र ग्रामसभेत असा प्रश्न येतो, जो कुठल्याही एका नकाशात नव्हता : रस्ता जिथे होणार आहे तिथून पाणी आणायला कोण जातं?

संध्याकाळी गुरं परततात, त्याआधी तो नकाशा कागदावर उतरवून घ्यावा लागतो. हीच नाजूक वेळ. उतरवणारा बहुतेकदा बाहेरचा, शिकलेला. रांगोळीत वेडीवाकडी असलेली वस्ती तो सरळ रेषेत बसवतो, कडेचं एखादं झोपडं कागदाच्या बाहेर राहून जातं. म्हणून चांगले कार्यकर्ते काही गोष्टी कटाक्षाने करतात. उतरवलेला कागद तिथेच लोकांना दाखवतात, त्याच्या खाली तारीख आणि काढणाऱ्यांची नावं लिहितात, आणि एक प्रत गावात ठेवून मगच दुसरी तालुक्याला नेतात. असा नकाशा हातात आला की मी आधी ती नावं वाचते. वस्तीवरच्या बायकांची त्यात किती आहेत ते मोजते, आणि मग वर नजर नेऊन पाण्याची जागा शोधते.